होम नर्सिंग सर्व्हिस: 3 स्टार, तेही सिस्टरमुळे

बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, 19 दिवस हॉस्पिटलात काढले आणि नाकात नळी, लघवीची पिशवी अशा अवस्थेत डिस्चार्ज मिळाला. आम्ही दोघं नोकरीवाले, म्हणून पुण्यातल्या एका ब्युरोकडून 12 तासांची नर्स घेतली. नाव टाकत नाही, उगाच भांडणं नकोत.

फोनवर "ट्रेन्ड नर्स पाठवतो सर" म्हणाले आणि आल्या एक मावशी. स्वभावाने गरीब, कामाला वाघ, पण नर्सिंगचा न नाही. पहिल्याच दुपारी बाबांना आडवं ठेवून नळीतून मुगाचं पाणी दिलं, तेही सिरिंजचा दट्ट्या दाबून, बाबा ठसका लागून लालबुंद!! डायपर बदलताना लघवीची बॅग उचलून थेट पोटावर. माकडहाडापाशी लाल झालेलं तिथे खसाखसा तेल चोळलं, आणि मी बघत बसलेलो, तेल लावतायत म्हणजे चांगलंच असेल की.

ब्युरोला झापल्यावर पाचव्या दिवशी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या सिस्टर आल्या (रेट जास्त, ते आलंच). पर्स टेकवायच्या आधी विचारलं, हात कुठे धुऊ? मग ते लाल बोटाने दाबून सोडलं. "दादा बघा, दाबल्यावर पांढरं पडतंय म्हणजे अजून वेळ गेली नाही, दाबूनही लालच राहिलं तर बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सुरू झाला समजायचं, आणि इथे चोळायचं अजिबात नाही." मी म्हटलं एअर बेड आहे ना, तर म्हणे असूदे, दर 2 तासांनी कूस बदलायचीच, आणि पोटऱ्यांखाली उशी म्हणजे टाचा अधांतरी राहतात. फीड देताना डोक्याकडची बाजू उंच, नळीवरची खूण नाकाशी तिथेच आहे का बघणार, सिरिंजने थोडं ओढून बघणार, मग दट्ट्या काढून सिरिंज वर धरायची, आपोआप उतरतं. शेवटी साधं पाणी, आणि नंतर पाऊण-एक तास आडवं करायचं नाही. पिशवी कायम कमरेच्या खाली, नाहीतर लघवी उलटी जाऊन इन्फेक्शन, पण फरशीलाही टेकवायची नाही. कुठल्या कुशीवर, लघवी किती एमएल, सगळं वेळेसकट कागदावर, तो फ्रिजवर. बाबा बोलत नाहीत तरी "आजोबा, डावीकडे वळवते हं" सांगितल्याशिवाय हात लावत नाहीत.

माझा राग ब्युरोवर आहे, मावशींवर नाही. जीएनएमला 3 वर्षं जातात, एएनएमला (त्याहून छोटा नर्सिंग कोर्स) 2, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं, ते आधी बघायला मागा. आंघोळ-कपड्यांना मावशी उत्तम, पण नळीवाल्या पेशंटला नर्स म्हणून कसं पाठवता?

मागच्या रविवारी सिस्टरची सुट्टी, तर बदली म्हणून दारात परत त्याच मावशी. त्यांना चहा दिला, फ्रिजवरचा कागद वाचून दाखवला, नळीचं मी बघितलं, कुशी त्यांनी बदलल्या, अगदी घड्याळ लावून. बिल मात्र ब्युरोने नर्सच्या रेटनेच लावलंय.