मण्यांच्या बॉबिन घ्याव्यात की बिनमण्यांच्या?

बॉबिन लेस, म्हणजे छोट्या कांड्यांवर (बॉबिनवर) गुंडाळलेले धागे उशीवर एकमेकांत गुंफून केलेली जाळी, नव्याने शिकणाऱ्या मैत्रिणीला पहिला संच ठरवता येईना: इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या, टोकाला मणी ओवलेल्या बॉबिन, की युरोपातल्या बुडाशी फुगीर?

फुगीर बॉबिन साध्या, म्हणून सहसा स्वस्त. टिकायलाही सरस. मण्यांची तार कधीतरी सैल होते आणि तिचं टोक वर आलं की धागा नेमका तिथेच अडकतो.

खरा फरक हाताला कळतो. सपाट उशीवर मण्यांची बॉबिन गडगडत नाही, धाग्याचा पीळ जागेवर राहतो. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायरच्या बारीक धाग्याच्या जाळीत याचं मोल फार. फुगीर बॉबिन लोडासारख्या उशीवर लोंबते आणि स्वतःच्या वजनाने ताण धरते. बेल्जियममधल्या ब्रूज शहराच्या लेसमध्ये मात्र क्रोशाच्या सुईने धाग्याचा फास ओढून त्यातून अख्खी बॉबिन न्यावी लागते. तिथे मणी म्हणजे नुसती अडचण. रंगीत मण्यांची जाहिरात हे कधी सांगत नाही.

टॉर्शन, म्हणजे साध्या भौमितिक नक्षीची लेस, दोन्हींवर होतं. उशी सपाट असेल तर मण्यांच्या घ्या, लोड असेल तर फुगीर. ब्रूजकडे ओढा असेल, तर बिनमण्यांच्याच. एका उशीवर दोन्ही मिसळू नका, ताण असमान होतो.