डीव्हीआर काही महिने वापरल्यावर: चित्र झकास, घड्याळ भिकार

डीव्हीआर म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा. माझ्याकडे चार कॅमेरे, २ मेगापिक्सेल, १ टीबी हार्डडिस्क. बाकी स्पेक्स उगाळत बसत नाही. चित्राबद्दल तक्रार नाही, रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात नंबरप्लेट पांढरी फटक होते तेवढी सोडून. ती बोंब या किमतीच्या सगळ्याच कॅमेऱ्यांची.

डोकं फिरवलं ते घड्याळाने. रोज ३ सेकंद मागे पडलं तरी महिन्याला दीड मिनिट. पोलीस आपलं फुटेज शेजारच्या कॅमेऱ्याशी आणि कॉल रेकॉर्डशी जुळवतात, तिथे दीड मिनिटात गाडी दोन चौक पुढे गेलेली असते. आतला सेल संपला असेल तर वीज गेल्यावर तारीख थेट २००० सालात. मग रेकॉर्डिंग असूनही त्या दिवशी शोधलं तर सापडत नाही. सर्व्हिसवाल्याने बोर्ड बदलायला सांगितलं. निघाला सीआर२०३२ सेल, नाण्याएवढा!

इथवर एकच स्टार देणार होतो. पण सेटिंगमध्ये एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय) सुरू केलं, दर ६० मिनिटांनी वेळ जुळवायला लावलं, आणि घड्याळ ताळ्यावर आलं. डीएनएसचा (सर्व्हरच्या नावावरून त्याचा इंटरनेट पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) रकाना रिकामा असेल तर एनटीपी गुपचूप फेल होतं, एररही दाखवत नाही. डेलाइट सेव्हिंगची (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे न्यायच्या परदेशी पद्धतीची) खूण नको तिथे राहिली तर तासाचा घोळ. तीन स्टार.

पोलीस फुटेज मागायला आले आणि वेळ चुकीची दिसली, तर आधी घड्याळ दुरुस्त करायचं नाही. डीव्हीआरची स्क्रीन आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या, फरक लिहून द्या, मग एक्सपोर्ट करा. घड्याळ मागे सरकवलं तर एकाच वेळेची दोन रेकॉर्डिंग होतात आणि काही मॉडेल जुनं पुसून टाकतात.

उशीरही नको. कॅमेऱ्यामागे २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरले तर चौघांचे दिवसाला ८६ जीबी, म्हणजे ११ दिवसांत डिस्क भरून जुन्यावर नवं चढतं. एक्सपोर्ट मूळ फॉरमॅटमध्येच, सोबत कंपनीचा प्लेअर. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर ते दाबून लहान करतं आणि उरलासुरला नंबरही जातो.