कुंदा घेऊन गेलो, काच घेऊन आलो

बेळगावात टिळकवाडीत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे उतारे, आधार, पासपोर्टचे फॉर्म माझ्या हाताखालून जातात. कुणाची सही राहिली, कुणाचं आडनाव दोन कागदांवर दोन तऱ्हेनं लिहिलंय, हे मला लांबून दिसतं. म्हणूनच हे लिहायला चार महिने गेले. गिऱ्हाईकं वाचतील, हसतील. हसूदेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी बँकॉकला गेलो. भारतीयांना तिथं नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसा लागत नव्हता, पुढं मुक्कामाची मुदतही साठ दिवसांची झाली होती. बायकोला विमानाची भीती, म्हणून एकटाच निघालो. एकटं फिरायचं कसं, म्हणून मराठी प्रवाशांचा एक फेसबुक ग्रुप गाठला. त्यातून चौघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला: बँकॉकमध्ये आठ वर्षं राहतो म्हणणारा एकजण, ज्याला सगळे ‘दादा’ म्हणायचे, पुण्याचं एक जोडपं, आणि मी.

मी बेळगावचा असं लिहिलं आणि पाच मिनिटांत दादाचा व्हॉइस मेसेज आला. “अहो, सीमाभागातला माणूस म्हणजे घरचाच की! तुम्ही एक नोव्हेंबरला काळ्या फिती लावता, आम्ही इथं बसून डोळे पुसतो.” शेवटी एक लांब उसासा. तो उसासा मी बायकोलाही ऐकवला.

बाहेरच्याला यात काय एवढं असं वाटेल. आमच्या पासपोर्टवर गाव बेळगावी, घराचा उतारा कन्नडमध्ये. कोल्हापूरला गेलं की तुम्ही कर्नाटकातले, बंगळूरला गेलं की तुम्ही महाराष्ट्रातले. १९५६ च्या एक नोव्हेंबरला बेळगाव आताच्या कर्नाटकात घातलं गेलं, माझे थोरले काका त्यानंतरच्या कितीतरी मोर्चांत चाललेले. सतरा जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, त्यांच्या घरात गोडधोड होत नसे. अशा घरातल्या माणसाला परमुलखात कुणी न मागता ‘आमचाच’ म्हटलं की तो दार सताड उघडून उभा राहतो. दादानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. दीड महिना रोज बोलणं झालं, पैशाचा विषय एकदाही निघाला नाही. मीच बडबडत होतो: दुकान किती चालतं, मुलाची रास कुंभ, साडेसाती सुरू, लग्न जमत नाही. सगळं मी पुरवलं, त्याला काही विचारावंच लागलं नाही.

एकदाच खटकलं होतं. तो स्वतःला गडहिंग्लजचा म्हणायचा. बोलता बोलता म्हणाला, “बेळगावहून कोल्हापूरला जाताना निपाणी सोडली की संकेश्वर लागतं ना, तिथनं आत आमचं गाव.” आता संकेश्वर आधी आणि निपाणी नंतर, हे या रस्त्यावर एसटीत झोपून जाणाऱ्यालाही माहीत असतं. आणि गडहिंग्लजकराचा तर रोजचा बाजार संकेश्वरचा. मी मनात म्हटलं, आठ वर्षं परदेशात आहे, विसरला असेल. दुसऱ्याच्या कागदावर असली चूक दिसली असती तर मी फॉर्म परत केला असता.

बँकॉकला पोचल्यावर सकाळी साडेआठला दादा हॉटेलवर आला. पांढरा शर्ट, पायात चांगले बूट. मी त्याच्यासाठी बेळगावहून एक किलो कुंदा नेला होता. त्यानं तिथंच डबा उघडला, बोटानं एक घास तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, “आईची आठवण आली.” पुण्याची वहिनी पदर नसताना पदर डोळ्याला लावल्यासारखं काहीतरी करून गेली. तेव्हा मला तेही छान वाटलं.

आम्हाला आधी राजवाडा बघायचा होता, ग्रँड पॅलेस. १७८२ मध्ये बांधायला घेतलेला, पाचूच्या बुद्धाचं देऊळ त्याच आवारात. दादानं फोनकडे बघून कपाळावर हात मारला. राजघराण्याची पूजा आहे, एक वाजेपर्यंत बंद. तोवर दुसरी देवळं करू. लगेच एक टुकटुक आली, तीन ठिकाणं फिरवायला चाळीस बाथ. चौघांना मिळून शंभर रुपये! मी मनातल्या मनात आमच्या रिक्षावाल्यांना शिव्या दिल्या. गिऱ्हाईक दुकानाच्या दारात आणून सोडलं की टुकटुकवाल्याला पेट्रोलचं कूपन मिळतं, म्हणून भाडं इतकं कमी, हे नंतर कळलं. राजवाडा रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो, तिकीट पाचशे बाथ, हेही नंतरच कळलं. त्या दिवशी मी फाटकापर्यंत गेलोच नाही. दोनशे पावलं चालून दार बघितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

पहिलं देऊळ वाट इंथराविहान. बत्तीस मीटर उंच, सोनेरी, उभा बुद्ध. मान मागं टाकून बघावा लागतो. तिथं कट्ट्यावर एक साधासा थाई गृहस्थ बसला होता, शाळेत शिकवतो म्हणाला. इंग्रजी बरं होतं. निघता निघता सहज म्हणाला, आज सरकारी सवलतीचा शेवटचा दिवस, नीलम बिनकराचा मिळतो, मी मुलीच्या लग्नासाठी घेतला. दादा म्हणाला, “बघा, मी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं माझं काही कमिशन आहे.” हे वाक्य त्यानं स्वतः उच्चारलं. आजही आठवलं की अंग तापतं.

दुकान एसीचं, गार. आल्याचा चहा आला. काळ्या मखमलीच्या ताटलीत सात-आठ निळे खडे, वरून पांढरा दिवा. विकणारी मुलगी चिमट्यानं एकेक खडा उचलायची, दिव्याखाली फिरवायची आणि बोलायची नाही. बोलायची ती पुण्याची वहिनी. “मागच्या खेपेला तुम्ही घेऊ दिला नाही, आणि त्या शेजारच्यांनी मुंबईत दुप्पट भावानं विकला!” नवरा चिडला, तिनं तोंड फिरवलं, मग त्यानं कार्ड काढलं. नवराबायकोचं खरं भांडण असंच असतं हो, मला काय कळणार. त्यांचा खडा आधी बांधून झाला. मग दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काका, कुंभेचा स्वामी शनी. पोराच्या बोटात जाऊदे एकदा.”

चार कॅरेटचा खडा, छत्तीस हजार बाथ. बाथला अडीच रुपये धरले तरी नव्वद हजार. मी पिन दाबला. सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं, खडा मात्र हातात मिळाला नाही. विमानतळावर कस्टम त्रास देतं, आम्ही विमा उतरवून घरी पाठवतो, म्हणाले. सगळ्या खेळातली ग्यानबाची मेख हीच. खडा खिशात असता तर मी तो संध्याकाळी कुणाला तरी दाखवला असता. सीलोम रस्त्यावर थायलंडची रत्न-दागिन्यांची सरकारी संस्था आहे, तिथं खडे तपासून मिळतात. पण टपालात गेलेला खडा तपासणार कोण?

दुपारी वाट फो बघितलं. शेहेचाळीस मीटर लांब निजलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्याच्या चकाकीत कोरलेली १०८ शुभचिन्हं. भिंतीलगत काशाची १०८ भांडी ओळीनं ठेवलेली. वीस बाथ देऊन सुट्ट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि चालत चालत प्रत्येक भांड्यात एक नाणं टाकायचं. टण, टण, टण. माझे वीस बाथ दादानं दिले. मी म्हणालो, असूदे की, कशाला. तो म्हणाला, काका, एवढं तरी करू द्या.

बेळगावला आल्यावर नवव्या दिवशी पोस्टमन पाकीट घेऊन आला. पाकिटावर कस्टमची हिरवी चिठ्ठी होती. वस्तू: नकली दागिना. किंमत: वीस डॉलर. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित भरलेलं. सबंध व्यवहारातला तेवढा एक कागद खरा होता.

शहापुरातल्या ओळखीच्या सराफांनी खडा पाण्याच्या वाटीत टाकला, खाली पांढरा कागद ठेवला आणि भिंग लावून बराच वेळ बघितलं. “काच नव्हे ही,” म्हणाले, “नीलमच, पण कारखान्यातला.” नीलम म्हणजे मुळात कुरुंद नावाचं कठीण खनिज. १९०२ मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याच द्रव्याची भुकटी ज्योतीत वितळवून, थेंबावर थेंब साठवत खडा वाढवायची रीत जाहीर केली. तसा खडा आत वक्र रेषा धरतो, जुन्या तबकडीवरच्या खाचांसारख्या. जमिनीतल्या खड्यातल्या रेषा सरळ असतात. कठीणपणा दोन्हींचा सारखाच, म्हणून ओरखडा काढून काही कळत नाही. मला भिंगातून त्या रेषा दाखवल्या. एकदा दिसल्या की दुसरं काही दिसत नाही. किंमत विचारली तर म्हणाले, “अंगठीची मजुरी जास्त होईल.”

बायको एवढंच म्हणाली, “कुंदा घेऊन गेलात आणि काच घेऊन आलात.” काच नाही हे मी तिला सांगितलं नाही.

बँकेत तक्रार दिली. उत्तर आलं: कार्ड तुमचं, पिन तुम्हीच टाकला, माल पोचला. दुकानाच्या पावतीवर ‘नैसर्गिक’ हा शब्द कुठंही नव्हता, तो फक्त बोलण्यात होता. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे, पण तो फिरवायचा तिथं असताना. मला जाग आली ती शहापुरात. जोडप्याचे दोन्ही नंबर बंद. दादाचा चालू होता; ‘काका, तब्येतीला जपा’ एवढा एक मेसेज आला आणि मग मी ब्लॉक झालो.

परवा दुकानात अथणीचा एक पोरगा तिकिटाच्या प्रिंट काढायला आला. बँकॉक. सोबत कोण, विचारलं. म्हणाला ऑनलाइन ओळख झालेले एक दादा आहेत, मराठी, खूप चांगले. मी म्हटलं, त्यांचा आवाज ऐकव बघू. नंबर वेगळा होता. “सीमाभागातला माणूस म्हणजे घरचाच की.” आणि शेवटी तोच उसासा, तेवढाच लांब.

मी ड्रॉवरमधून खडा काढून काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. प्रिंटच्या मागं लिहून दिलं: ११५५, राजवाडा साडेआठ ते साडेतीन. त्यानं कागद घडी करून खिशात घातला, पैसे दिले, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “काका, पण माणूस तसा वाटत नाही हो.”