क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ डीएनएस: ठरावीक साइट उघडत नसतील तर किती उपयोगाचा?

गूगल चालतं, यूट्यूब चालतं, पण दोन-चार साइट काही केल्या उघडत नाहीत, अशी तक्रार केली की पहिला सल्ला ठरलेला असतो: डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी, म्हणजे आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) बदला, १.१.१.१ टाका. सल्ला चांगला आहे. क्लाउडफ्लेअर या कंपनीने १ एप्रिल २०१८ रोजी सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, खातं काढावं लागत नाही, आणि इंटरनेटवाल्याचा डीएनएस रडतखडत चालत असेल तर फरक लगेच जाणवतो. मात्र हे एकाच दुखण्यावरचं औषध आहे. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता मिळत नसेल, तरच ते लागू पडतं.

म्हणून बदलण्याआधी तपासा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एनएसलुकअप ही कमांड आणि पुढे साइटचं नाव टाका. मग तीच कमांड पुन्हा, पण शेवटी जागा सोडून १.१.१.१ लिहून. पहिल्या वेळी 'टाइम्ड आउट' किंवा 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' आलं आणि दुसऱ्या वेळी पत्ता मिळाला, तर दोष तुमच्या सध्याच्या डीएनएसचा. बदल जरूर करा. दोन्ही वेळा पत्ता मिळाला आणि तरी साइट उघडत नाही, तर बिघाड बहुधा दुसरीकडे आहे. दोन पत्ते वेगवेगळे दिसले म्हणून घाबरू नका. मोठ्या साइटचे सर्व्हर अनेक ठिकाणी असतात. आणखी एक खाचखळगा: काही नेटवर्कमध्ये डीएनएसची साधी विचारणा वाटेतच अडवून त्यांच्याच सर्व्हरकडे वळवली जाते. तिथे १.१.१.१ ला विचारूनही जुनंच उत्तर येतं.

यावर उपाय म्हणजे डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस, म्हणजे डीएनएसची विचारणा सुरक्षित वेबसाइटसारख्याच जोडणीतून पाठवणं, आणि या सेवेची खरी किंमत मला तिथेच वाटते. विचारणा कूटबद्ध होऊन ४४३ पोर्टवरून जाते, त्यामुळे वाटेत कोणाला उत्तर बदलता येत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग तुमचं वायफाय किंवा इथरनेट, तिथे 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'समोर एडिट, आणि मॅन्युअल. आयपीव्ही४ चालू करून प्रिफर्डमध्ये १.१.१.१ भरा आणि खाली डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस ऑन करा. विंडोज १० वर क्रोमच्या सिक्युरिटी सेटिंगमधलं 'यूज सिक्युअर डीएनएस' वापरा. ते फक्त त्या ब्राउझरपुरतं असतं.

बहुतेकांची चूक इथे होते: आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) भरतात, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे) तसंच सोडतात. मग विंडोज राउटरने दिलेल्या आयपीव्ही६ डीएनएसलाच विचारत राहतो आणि 'काही फरक पडला नाही' असं वाटतं. आयपीव्ही६च्या प्रिफर्डमध्ये २६०६:४७००:४७००::११११ भरा. शेवटी आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस चालवून ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा.

दुसरा पत्ता म्हणून सगळे १.०.०.१ सुचवतात. मी क्वाड९ या दुसऱ्या संस्थेच्या डीएनएसचा ९.९.९.९ सुचवेन. १४ जुलै २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्याच कॉन्फिगरेशनमधल्या चुकीमुळे ही सेवा ६२ मिनिटं कोलमडली, आणि १.१.१.१ सोबत १.०.०.१ सुद्धा गेला. दोन्ही एकाच कंपनीचे असले की ते एकदमच जाऊ शकतात. जुना इंटरनेटवाल्याचा डीएनएस मात्र दुसऱ्या जागी ठेवू नका, नाहीतर साइट कधी उघडेल, कधी नाही.

आता जिथे याचा उपयोग शून्य, ते. नाव लगेच सापडतं, पण पान अर्धवट येऊन अडकतं किंवा लॉगिननंतर नुसतं फिरत राहतं, तेव्हा संशय एमटीयूवर (डेटाचा एक तुकडा जास्तीत जास्त किती बाइटचा असू शकतो ती मर्यादा) घ्या. यूजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत ही मर्यादा १५०० नाही, १४९२ असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग -एफ -एल १४६४ आणि पुढे साइटचं नाव, हे चाललं आणि १४७२ ला 'नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड' आलं, तर राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू १४९२ आहे का ते बघा. प्रमाणपत्राची (साइट खरी असल्याची ब्राउझर तपासतो ती खूण) चूक एकदम बऱ्याच साइटवर दिसत असेल तर आधी घड्याळ तपासा. जुन्या डेस्कटॉपचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते. एनएसलुकअपचं उत्तर बरोबर पण पिंग भलत्याच पत्त्यावर जात असेल, तर होस्ट्स फाइलमध्ये (कॉम्प्युटरमधलीच नाव-पत्त्यांची यादी, जी डीएनएसच्या आधी पाहिली जाते) बहुधा कुणीतरी ओळ घातलेली असते. एनएसलुकअप ती फाइल वाचतच नाही. अँटिव्हायरसचं वेब शील्ड आणि विसरलेला प्रॉक्सी (ज्या मधल्या सर्व्हरमधून इंटरनेट जातं तो) यांच्या सेटिंगसुद्धा बघून घ्या.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हा बदल करू नका. कंपनीच्या आतल्या साइटची नावं फक्त तिथल्याच डीएनएसला माहीत असतात, त्या बंद पडतील. हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान आलं नाही, तर तेवढ्यापुरतं पुन्हा ऑटोमॅटिक करा. घरात लहान मुलं असतील तर १.१.१.१ ऐवजी १.१.१.३ घ्या, तो घातक आणि प्रौढांसाठीच्या साइट गाळतो, आणि राउटरमध्येच भरला की त्याच्यावरून चालणाऱ्या, स्वतःचा डीएनएस न ठरवलेल्या सगळ्या फोनना लागू होतो.