सभासद कुठल्या संघटनेचं व्हायचं? विद्यापीठ ग्रंथपालासाठी एसीआरएल, सिलिप, इफ्ला आणि लिबर

महाविद्यालय किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणारा माणूस व्यावसायिक संघटना निवडायला बसला की आधी प्रत्येकीची ध्येयधोरणं वाचतो. त्यातून फारसं काही ठरत नाही, कारण सगळ्यांनाच माहिती सर्वांपर्यंत पोचवायची असते, व्यवसायाची प्रतिष्ठा वाढवायची असते आणि सभासदांना नवी कौशल्यं द्यायची असतात. माझ्या मते निवड करताना दोनच गोष्टी पाहाव्यात. सभासद कोण होतं, व्यक्ती की संस्था? आणि एक अधिवेशन संपल्यापासून दुसरं येईपर्यंत तिथे काय काम चालतं?

पहिल्या प्रश्नानेच निम्मी निवड होऊन जाते. १९७१ साली सुरू झालेली युरोपातली लिबर ही संशोधन ग्रंथालयांची संघटना आहे. तिथे सभासद होतं ते ग्रंथालय. ब्रिटनमधली स्कोनल ही १९५० पासूनची संघटनाही संस्थांचीच. एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं घेता यावीत, यासाठी तिची योजना आहे, आणि ग्रंथालयांची तुलनात्मक आकडेवारीही ती दरवर्षी गोळा करते. अशा संघटनांचा विचार करत असाल तर स्वतःच्या खिशात हात घालायच्या आधी वरिष्ठांना विचारा. तुमचं ग्रंथालय आधीच सभासद असेल तर लिबरच्या कार्यगटांत तुम्हाला वेगळी वर्गणी न भरता काम करता येतं. ओपन सायन्स (म्हणजे संशोधन सर्वांना खुलं असणं), संशोधनाच्या डेटाचं व्यवस्थापन, कॉपीराइट हे तिथले मुख्य विषय. वर्ग घेणाऱ्या, संदर्भसेवेच्या टेबलावर बसणाऱ्या ग्रंथपालाला ते जरा लांबचे वाटतील. विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात शोधनिबंध चढवणाऱ्याला मात्र तेच हवे असतात.

अमेरिकेतली एसीआरएल आणि ब्रिटनमधली सिलिप या दोघी व्यक्तीभोवती उभ्या आहेत, पण दोघींचा स्वभाव अगदी वेगळा.

एसीआरएल हा अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांसाठीचा १९४० पासूनचा विभाग. मूळ संघटना १८७६ सालची. विद्यापीठ ग्रंथालयांपुरतं बोलायचं तर एवढं बारकाईचं काम इतरत्र क्वचितच सापडेल. माहिती साक्षरतेचंच, म्हणजे माहिती शोधण्या-पारखण्या-वापरण्याच्या कौशल्याचंच पाहा. २००० साली तिने पाच मानकं आणि त्यांखाली २२ निर्देशक ठरवून दिले. विद्यार्थ्याला काय यायला हवं याची ती यादी होती. तपासायला सोपी, त्यामुळे मूल्यमापनाचे अहवाल लिहिणाऱ्यांना प्रिय. पुढे त्या जागी सहा संकल्पनांची चौकट आली आणि २०१६ मध्ये जुनी मानकं रद्द झाली. एखादी माहिती अधिकृत कोण मानतं, कशामुळे आणि कुठल्या संदर्भात, संशोधन म्हणजे विद्वानांचा चालू असलेला संवाद कसा, असे त्यातले विचार. मला ती चौकट जास्त प्रामाणिक वाटते. पण एका तासाच्या वर्गात ती शिकवायला बसलं की घाम फुटतो, हेही तितकंच खरं. ग्रंथपालांमध्ये यावर जोरदार वाद झाले. संघटना जिवंत असल्याची खूण म्हणून मी या वादाला कुठल्याही उद्दिष्टपत्रकापेक्षा वरचं स्थान देईन.

ग्रंथपालाला प्राध्यापकाचा दर्जा असावा का, हा एसीआरएलचा दुसरा जुना विषय. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती त्याची बाजू मांडत आली आहे. तुमच्या संस्थेत ‘शिक्षक की शिक्षकेतर’ हा प्रश्न धुमसत असेल तर तिची निवेदनं हाताशी असावीत. पण ही कामगार संघटना नव्हे. पगार, बदली, रजा यांसाठी ती तुमच्या वतीने कुणाशी वाटाघाटी करायला येणार नाही. नवे सभासद इथेच हमखास फसतात आणि वर्षभराने रागावून वर्गणी बंद करतात.

एसीआरएलचं बरंचसं साहित्य सभासद नसलेल्यालाही मिळतं. ती चौकट, मानकं आणि १९३९ पासून निघणारं ‘कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज’ हे नियतकालिक इंटरनेटवर फुकट वाचता येतं. तेव्हा वाचण्यापुरती गरज असेल तर पैसे भरायचं कारण नाही. वर्गणी भरायची ती समितीत बसण्यासाठी, ओळखी होण्यासाठी आणि अधिवेशनाच्या शुल्कातल्या सवलतीसाठी.

सिलिपचं आकर्षण निराळं. १८७७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश लायब्ररी असोसिएशनला १८९८ मध्ये राजसनद मिळाली. २००२ मध्ये ती आणि माहितीशास्त्रज्ञांची संस्था एकत्र येऊन सिलिप झाली. तिच्याकडे व्यावसायिक नोंदणीच्या तीन पायऱ्या आहेत, आणि त्यातली मधली ‘चार्टरशिप’ सर्वांत ओळखीची. परीक्षा नसते. आपण काय केलं, त्यातून काय शिकलो, कामाच्या जागी त्याने काय बदललं, याची पुराव्यांसह फाईल तयार करून ती तपासायला द्यायची. हे लिखाण कंटाळवाणं आहे, पण स्वतःच्या कामाकडे परक्याच्या नजरेने पाहायला लावणारं दुसरं साधन मला तरी माहीत नाही. विद्यापीठ ग्रंथपालांसाठी तिथे वेगळा गटही आहे. तरीही सिलिप सर्व प्रकारच्या ग्रंथपालांची आहे, सार्वजनिक, शालेय, आरोग्य, सगळ्यांची, त्यामुळे एसीआरएलइतकं विद्यापीठकेंद्री काम तिथे मिळणार नाही.

आता इफ्ला. १९२७ मध्ये एडिनबरा येथे स्थापन झालेली, हेगमध्ये मुख्यालय असलेली ही मुख्यतः संघटनांची आणि ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना. व्यक्तीलाही वेगळ्या वर्गात प्रवेश आहे. तिचं खरं बळ धोरणाच्या पातळीवर दिसतं. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती बनवता याव्यात आणि देशाच्या सीमेपलीकडे पाठवता याव्यात, यासाठी २०१३ साली मराकेश करार झाला. त्यासाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत इफ्ला वर्षानुवर्षं पाठपुरावा करत होती. असं काम एकट्या ग्रंथालयाच्या आवाक्यातलं नाही. रोजच्या कामात मात्र त्याचा उपयोग लगेच जाणवत नाही. विद्यापीठ आणि संशोधन ग्रंथालयांचा स्वतंत्र विभाग तिथे आहे, आणि त्याच्या स्थायी समितीवर निवडून गेलात तरच सभासदत्वाचं पुरेपूर चीज होतं. नुसतं नाव नोंदवून बसणाऱ्याच्या हाती बातमीपत्रांपलीकडे फारसं काही लागत नाही.

नोकरीची पहिली दोन-चार वर्षं असतील आणि शिकवण्याचं काम जास्त असेल तर एसीआरएलचं साहित्य फुकट वाचत राहा. समितीसाठी वेळ काढता येईल तेव्हाच पैसे भरा. बढतीसाठी किंवा दुसऱ्या देशात जाण्यासाठी कागदोपत्री ओळख हवी असेल तर सिलिपचा खर्च सार्थकी लागतो, मात्र तुमच्या भावी मालकाच्या लेखी त्या नोंदणीला किंमत आहे का, हे आधी विचारून घ्या. इफ्ला आणि लिबर यांचं सभासदत्व ग्रंथालयाने घ्यावं आणि तुम्ही तिथे प्रतिनिधी म्हणून जावं, हेच बरं.

आणि कुठलंही सभासदत्व घेण्याआधी ज्या समितीत काम करायची इच्छा आहे तिची मागच्या वर्षाची इतिवृत्तं मागून वाचा. बैठकीला किती जण येतात आणि ठरलेल्या गोष्टी पुढच्या बैठकीपर्यंत कोण पुऱ्या करतं, ते तिथेच कळतं.