स्टेअरिंग-सस्पेन्शनच्या कोर्सला 58 हजार भरले आणि 6 महिन्यांत एक नटसुद्धा खोलू दिला नाही

मागच्या आठवड्यात माझ्या मावसभावाला फोन आला. बारावी झालाय तो, कारचं काम शिकायचंय त्याला, तर फोनवरचा माणूस म्हणाला फक्त 2 सीट राहिल्यात, आज बुकिंग केलं तर 5 हजार कमी. भावानं क्लासचं नाव सांगितलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण हा तोच क्लास जिथं मी 2022 ला पैसे घालवले. तेव्हा कुणाला सांगायची लाज वाटायची म्हणून गप्प बसलो, आता नाही बसत. नाव लिहीत नाही कारण थोडे पैसे परत घेताना तडजोडीच्या कागदावर सही केलीय, पण त्यांची पद्धत सगळी सांगतो, असे क्लास एकच नाहीयेत.

आम्ही बार्शीकडचे. घरी 2 एकर कोरडवाहू आणि 4 म्हशी. वडिलांनी डेअरीतून उचल घेतली, कमी पडले ते दाजींनी दिले. फी 48 हजार, टूलकिटचे 10 हजार वेगळे, आणि चिंचवडला कॉट बेसिसवर राहणं-जेवण ते आणखी वेगळं. कोर्सचं नाव मोठं होतं, स्टेअरिंग सस्पेन्शन डायग्नोसिस आणि व्हील अलाइनमेंट, म्हणजे गाडी वळवणाऱ्या आणि धक्के खाणाऱ्या भागांचे दोष शोधायचे आणि चाकांचे कोन जुळवायचे, 6 महिने, शंभर टक्के नोकरी, सरकारमान्य.

सरकारमान्य म्हणजे काय ते नीट ऐका. ऑफिसात भिंतीवर फ्रेम केलेला कागद होता, त्यावर भारत सरकार लिहिलेलं, वडील दोन मिनिटं त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले भर पैसे. तो कागद उद्यम रजिस्ट्रेशनचा होता हे मला नंतर कळलं. उद्यम म्हणजे कुणीही छोटा धंदा काढला की आधार-पॅन टाकून ऑनलाइन फुकटात निघतं, पिठाच्या गिरणीलाही मिळतं, तिथं काय शिकवतात कसं शिकवतात हे कुणी येऊन बघत नाही. शेजारी आयएसओ 9001 चा, म्हणजे धंद्याच्या कामकाजाच्या पद्धतीचा, कागद होता, त्यानंही कोर्सला मान्यता मिळत नाही. पण सही-शिक्का बघितला की आपल्यासारख्या माणसाचा विश्वास बसतो आणि त्यांना हे चांगलं माहितीये.

आता आत काय होतं ते. एका टेबलावर पिवळा रंग मारलेला कापीव शॉकअप, एक जुना स्टेअरिंग रॅक, आणि कोपऱ्यात इंजिन नसलेली मारुती 800. रॅकला हात लावायचा नाही, सील खराब होतं म्हणे. अलाइनमेंटचं मशीन होतं, खरंच होतं, पण त्यावर कायम कव्हर. कधी विचारलं तर एकच उत्तर, सॉफ्टवेअर अपडेट चालू आहे. 4 महिने तेच उत्तर. सर प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावायचे आणि आम्ही वहीत नावं लिहायचो, लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लिंक रॉड, कॅम्बर, कॅस्टर, टो. आकृत्या मी इतक्या छान काढल्या होत्या की परीक्षेत 86 टक्के पडले. टूलकिट उघडलं तर पान्यांचा सेट, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि हातमोजे, ज्या कामाचा कोर्स त्या कामाचा बॉल जॉइंट पुलर, म्हणजे चाकाजवळचा गोल सांधा सोडवायचं हत्यार, पण नाही त्यात.

नोकरीचं म्हणाल तर हडपसरच्या बाजूला एका टायरच्या दुकानाचा पत्ता दिला, तिथं पंक्चर काढायला पोरगं पाहिजे होतं. मी तिथं गेलोच नाही, ओळखीतून एका गॅरेजला लागलो आणि तिथं पहिल्याच महिन्यात जे झालं ते अजून डोळ्यासमोर आहे.

शॉकअपची स्प्रिंगसकट पूर्ण असेंब्ली गाडीतून काढून व्हाइसमध्ये धरली होती आणि मी वरचा मधला नट खोलायला पाना लावला. उस्ताद लांबून जोरात ओरडले, असे ओरडले की माझ्या हातातून पाना खाली पडला. त्या स्प्रिंगमध्ये सगळा जोर दाबून भरलेला असतो, आधी स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून ती दोन्ही बाजूंनी सारखी दाबायची, वरची प्लेट सैल झालीय हे हातानं बघायचं, मगच नटाला हात. नाहीतर स्प्रिंग गोळीसारखी सुटते आणि वर ज्याचं तोंड असेल त्याचं तोंड राहत नाही. 6 महिन्यांच्या कोर्समध्ये हे एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण याचा मला जास्त राग आहे. माझा जीव गेला असता हो.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातं. एका रिटायर्ड सरांची आय-ट्वेंटी आली, खराब रस्त्यावर पुढून खडखड आवाज. उस्ताद गावाला गेले होते. मी ठोकून दिलं की शॉकअप गेलेत, वहीत तसंच लिहिलं होतं, आवाज आला की शॉकअप. दोन्ही बदलले, सरांचे मजुरी धरून 7 हजारांच्या वर गेले आणि चौथ्या दिवशी गाडी परत आली, तोच आवाज. उस्तादांनी गाडी जॅकवर घेतलीच नाही, चारी चाकं जमिनीवर ठेवून हात आत घातला आणि लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शन आणि अँटिरोल बार जोडणारा दांडा, हलवला, टक टक टक. मला म्हणाले तुझा हात ठेव. बोटाला जे लागलं ते कुठल्या आकृतीत नव्हतं. एकच चाक उचललं की अँटिरोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेली सळई) पिळला जातो आणि लिंक रॉड ताणात राहतो, मग ढिला असला तरी हलत नाही, म्हणून तो चाकं जमिनीवर असतानाच बघायचा. हजार-दीड हजारात जोडी येते. उस्तादांनी सरांची मजुरी परत केली आणि माझ्या पगारातून एक रुपया कापला नाही, पण त्या दिवशी मला कळलं की मला शिकवलं नाही त्याचे पैसे मी दुसऱ्याच्या खिशातून काढले.

त्यानंतर त्या माणसानं मला दीड वर्षात जे शिकवलं ते सगळं हातानं. पुढचं चाक उचलून घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी हात धरून हलवलं आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर एकानं ब्रेक दाबून धरायचा, प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट बघायचा. 9 आणि 3 वर प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचे बाहेरचे-आतले सांधे, हाताला कुठं टिचकी लागते ते धरून बघायचं. स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंगवर बोटं ठेवायची, गुळगुळीत न फिरता झटके देत असेल तर वरचं माउंटिंग-बेअरिंग. पूर्ण वळवून रेस दिल्यावर कटकट आली तर तो सस्पेन्शनचा आवाजच नाही, ॲक्सलचा जॉइंट. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटचं बिल फाडायच्या आधी पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघायचे, ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा (एकाच दिशेनं फिरायचे टायर असतील तर हे करू नका). टायरवरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवायचा, एका बाजूनं करवतीसारखं बोचलं तर टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, चुकलाय. आणि प्ले असलेले पार्ट तसेच ठेवून अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात, हे तर उस्ताद रोज एकदा म्हणायचेच.

हे सगळं शिकायला मशीन लागत नाही, गाडी लागते आणि शिकवणारा लागतो. म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून चहा पिऊ नका, चालू वर्गात जाऊन उभे राहा, पोरांच्या नखात ग्रीस आहे का बघा, मशीन चालू करून एक गाडी लावून दाखवा म्हणा. मान्यता म्हणाले तर कुठल्या मंडळाची ते लिहून घ्या आणि त्या मंडळाच्या वेबसाइटवर तुम्ही स्वतः शोधा, त्यांनी मोबाइलवर दाखवलेलं धरू नका. आणि शक्य असेल तर सरळ आयटीआय बघा, मेकॅनिक मोटर व्हेईकल 2 वर्षं, मेकॅनिक डिझेल 1 वर्ष, सरकारी आयटीआयची फी माझ्या टूलकिटपेक्षा कमी पडते, पुढं अप्रेंटिसशिप करता येते. मला दहावीनंतर कुणी हे सांगितलं नाही, आमच्या गावात आयटीआय म्हणजे नापास झालेल्यांचं असं समजायचे, ते साफ चुकीचं आहे.

पैशाचं म्हणाल तर पावतीवर नॉन रिफंडेबल छापलं होतं म्हणून मी वर्षभर काही केलंच नाही. मग दाजींनी 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकायला लावली. जाहिरातीचा कागद, व्हॉट्सॲपवरचे त्यांचे मेसेज, पावत्या, कव्हर घातलेल्या मशीनचा फोटो, सगळं जपून ठेवलं होतं ते कामी आलं. 20 हजार परत मिळाले. बाकीचे गेले. वडिलांची उचल फिटायला पुढचे 11 महिने लागले.

मावसभावाला मी नको म्हणलं नाही, म्हणलं जाऊन ये पण पैसे घेऊन जाऊ नको, आणि तिथं एकच गोष्ट माग, अलाइनमेंटचं मशीन चालू करून दाखवा. तो परवा गेला. मशीन त्याच जागेवर आहे, कव्हरपण तेच निळं. त्याला सांगितलं सॉफ्टवेअर अपडेट चालू आहे. तो दुपारच्या एसटीनं परत आला, आता आयटीआयच्या फॉर्मचं बघतोय.