शोधगंगा : रेक्झिनच्या बांधणीतून बाहेर आलेले प्रबंध

पुष्कळ वर्षांपूर्वी केवळ एक प्रबंध पाहण्यासाठी मी एस.टी.ने पाच तासांचा प्रवास करून एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो होतो. प्राचार्यांचे पत्र सोबत होते, तरी त्यावर तिथल्या विभागप्रमुखांची सही हवी असे सांगण्यात आले. ती मिळेपर्यंत दुपार टळली, आणि अखेर प्रबंध हाती आला तो वाचनकक्षातच बसून वाचण्याच्या आणि झेरॉक्स न काढण्याच्या अटीवर. काळ्या रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरांत संशोधकाचे नाव आणि वर्ष, आणि आतली पाने अजून एकमेकांना चिकटलेली. चार-पाच वर्षे खपून कोणीतरी लिहिलेला तो मजकूर माझ्याआधी कोणी उघडला असेल असे वाटत नव्हते. शेवटची गाडी गाठायची असल्याने मी तिसऱ्या प्रकरणातली दोन कोष्टके वहीत उतरवून घेतली आणि परतलो.

तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काम करताना 'शोधगंगा' या सेवेचे मोल मला त्या दिवसाच्या आठवणीने कळते. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे आंतरविद्यापीठीय केंद्र असून, देशभरातील विद्यापीठांत मान्य झालेले पीएच.डी. प्रबंध संपूर्ण मजकुरासह एका ठिकाणी ठेवण्याचे काम ते या संकेतस्थळाद्वारे करते. आयोगाच्या 2009च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि तिथून या साठ्याला खरा जोर आला. आज येथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. वाचकाला वर्गणी भरावी लागत नाही आणि विद्यापीठाचे ओळखपत्रही दाखवावे लागत नाही. नियतकालिकातील एकेक शोधनिबंध विकत घ्यायचा तर काही हजार रुपये मोजावे लागतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या मोकळ्या दाराची किंमत वेगळी सांगायला नको.

प्रथमच येथे येणारा वाचक मात्र थोडा गोंधळतो, कारण प्रबंध एका सलग फाइलमध्ये मिळत नाही. शीर्षकपृष्ठ, प्रमाणपत्रे, अनुक्रमणिका, गोषवारा, मग एकेक प्रकरण, संदर्भसूची, परिशिष्टे अशा सुट्या फाइली एकाखाली एक लावलेल्या असतात. अनेक प्रबंधांत यादीच्या तळाशी '80' या आकड्याने सुरू होणारी आणि 'रेकमेंडेशन' असे नाव असलेली एक फाइल दिसते. तिच्यात बहुधा शीर्षकपृष्ठ आणि निष्कर्षांचे प्रकरण जोडलेले असते. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ती फाइल आधी उघडायला सांगतो, कारण दहा-वीस पानांत प्रबंध आपल्या कामाचा आहे की नाही हे समजते आणि मोबाइलचा डेटाही वाचतो. त्यानंतर लगेच संशोधन पद्धतीचे प्रकरण आणि परिशिष्टे उघडावीत. प्रत्येक प्रबंधाला हँडल पद्धतीचा कायमस्वरूपी पत्ता असतो. त्यात 10603 हा शोधगंगेचा आकडा आणि त्यापुढे त्या प्रबंधाचा क्रमांक येतो. संदर्भ देताना ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता चिकटवण्याऐवजी हा क्रमांक लिहावा, म्हणजे दहा वर्षांनीही तो प्रबंध सापडेल.

परिशिष्टांचा आग्रह मी धरतो त्याला कारण आहे. नियतकालिकातला निबंध आठ-दहा पानांत आटोपायचा असतो, म्हणून त्यात निष्कर्ष आणि ते सिद्ध करणारी मोजकी कोष्टके एवढेच उरते. माहिती कशी गोळा केली, कोणाला काय विचारले, कोणता प्रयोग फसला, कोणत्या गावात उत्तरे मिळाली नाहीत, हा सगळा पसारा प्रबंधात राहतो. ऊसतोड मजुरांवरचा एखादा अर्थशास्त्राचा प्रबंध घेतला तर त्याच्या शेवटी जोडलेली प्रश्नावली हाच मला पुष्कळदा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, मुकादमाशी व्यवहार तोंडी झाला की लेखी, एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या एका जोडीमागे, दिवसाला किती टन ऊस तुटतो, हंगामात मुलांची शाळा कुठे, अशा प्रश्नांचा क्रम पाहिला की संशोधकाला फडावरचे जगणे किती ठाऊक होते ते लक्षात येते. उचल हा शब्द कुठेच न येता केवळ 'उत्पन्नाचे स्रोत' विचारणारी प्रश्नावली दिसली, तर ते सर्वेक्षण दुरूनच झाले असावे असा कयास बांधता येतो. अशा बारीकसारीक गोष्टी शोधनिबंधात क्वचितच दिसतात, आणि त्या तपासण्याची सोय सामान्य वाचकाला शोधगंगेने दिली.

विज्ञानाच्या शाखांत हीच गोष्ट वेगळ्या रूपाने दिसते. एखाद्या तालुक्यातील भूजलाच्या गुणवत्तेवरचा प्रबंध उघडला तर विहिरीगणिक क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांचे आकडे पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे असे वेगवेगळे मिळतात. ग्रामपंचायतीत पाण्याचा प्रश्न मांडणाऱ्या माणसाला ते जसेच्या तसे वापरता येतात. अभियांत्रिकीत उसाच्या चिपाडाची राख सिमेंटच्या जागी काही प्रमाणात वापरून काँक्रीटची ताकद मोजणारे प्रबंध आहेत, आणि त्यांत प्रत्येक ठोकळ्याची 7 आणि 28 दिवसांची चाचणी नोंदलेली सापडते. अभियांत्रिकीच्या वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की आयआयटीसारख्या संस्था आयोगाच्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे त्यांचे सगळे प्रबंध येथे असतील असे गृहीत धरू नये.

माझा स्वतःचा ओढा कलाशाखेकडे आहे आणि तिथे हा साठा सर्वांत जास्त समृद्ध वाटतो. तमाशा, दशावतार, भारूड, जात्यावरच्या ओव्या, बोलींचे शब्दसंग्रह या विषयांवर गावोगाव फिरून लिहिलेल्या प्रबंधांपैकी फारच थोड्यांची पुस्तके झाली. प्रकाशकाला परवडत नाही म्हणून जे कपाटात राहिले ते येथे वाचायला मिळते. त्यांच्या परिशिष्टांत कलावंतांच्या मुलाखती असतात, कधी हाताने उतरवलेली गाणी असतात, तर कधी फडाच्या मालकाकडच्या जुन्या जाहिरातीचे छायाचित्र असते. ज्यांच्या मुलाखती आहेत त्यांतले कित्येक आज हयात नसतील. अशा वेळी प्रबंधाचा सिद्धान्तभाग जेमतेम असला तरी त्या वीस-पंचवीस पानांसाठी मी त्या संशोधकाचा ऋणी राहतो.

आता उणिवांकडे येतो, आणि त्यांतली सर्वांत मोठी मराठीशीच निगडित आहे. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाचे शीर्षक आणि संशोधकाचे नाव यांची नोंद पुष्कळदा रोमन लिपीत केलेली असते, आणि तिला कोणताही एक नियम नसतो. 'दशावतार' शोधायचा तर 'व'साठी व्ही टंकायचा की डब्ल्यू, 'श'साठी एसएच पुरे की नुसता एस, शेवटी ए लावायचा की नाही, याचा अंदाज बांधत तीन-चार प्रकारे शोध घ्यावा लागतो. देवनागरीत शब्द टाकला तर ज्यांची नोंद देवनागरीत झाली आहे तेवढेच प्रबंध समोर येतात आणि बाकीचे आहेत हे कळतही नाही. प्रबंधाच्या मजकुरात शोधावे तर तेथेही अडचण आहे. जुने प्रबंध स्कॅन केलेले असल्याने ती निव्वळ चित्रे असतात, आणि युनिकोड रुळण्यापूर्वी टंकलेल्या मराठी प्रबंधांत पडद्यावर अक्षरे स्वच्छ दिसली तरी परिच्छेद कॉपी केल्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा हाती येतो. इंग्रजीतल्या प्रबंधाला एक शब्द टाकून गाठता येते, मराठीतल्या प्रबंधाला नशीब लागते, ही तफावत मला फार टोचते.

यावर आम्ही ग्रंथालयात जो मार्ग काढला आहे तो सांगतो. शब्दाने न शोधता आधी विद्यापीठ निवडावे, मग त्यातला मराठी विभाग, आणि तेथील यादी वर्षानुसार खाली-खाली पाहत जावी. वेळ लागतो, पण काही निसटत नाही, शिवाय न मागितलेले चार प्रबंधही नजरेला पडतात. विद्यापीठांची बदललेली नावे ध्यानात ठेवावीत. पुणे विद्यापीठाचे नाव 2014मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले, आणि मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव 1994मध्ये मिळाले, म्हणून शीर्षकपृष्ठावर एक नाव आणि विद्यापीठांच्या यादीत दुसरे अशी स्थिती संभवते. एक चांगला प्रबंध सापडला की त्याच्या मार्गदर्शकाच्या नावाने शोध घ्यावा, कारण एकाच मार्गदर्शकाकडे त्या विषयावर आणखी दोघा-तिघांनी काम केलेले असण्याची शक्यता मोठी असते.

प्रबंधांच्या दर्जाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. शोधगंगा हे भांडार आहे, ती परीक्षकाची भूमिका घेत नाही. विद्यापीठाने पदवी दिली एवढ्या आधारावर प्रबंध येथे येतो. उत्तम कामाशेजारी अगदी सुमार कामही तितक्याच मानाने मांडलेले असते, आणि पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात त्याच त्या व्याख्या त्याच क्रमाने भेटू लागल्या की वाचकाने सावध व्हावे. शंभर कुटुंबांचे सर्वेक्षण केले असे लिहिले असेल तर ती शंभर कशी निवडली हे शोधावे. शीर्षकपृष्ठावरील वर्ष आणि प्रत्यक्ष माहिती गोळा केल्याचे वर्ष यांत किती अंतर आहे ते पाहावे. कोष्टकातील टक्केवारीची बेरीज स्वतः करून पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि त्या दोन मिनिटांत बऱ्याच गोष्टी उलगडतात. मात्र सुमार प्रबंधही सर्वांसमोर उघडा पडला आहे, याला मी या सेवेचा दोष मानत नाही. पूर्वी तो कपाटात सुरक्षित होता, आता त्याच्यावर कोणीही बोट ठेवू शकते, आणि उचलेगिरी पकडली जाण्याची शक्यताही त्यामुळेच वाढली.

अगदी ताज्या संशोधनासाठी येथे येणाऱ्याची थोडी निराशा होईल. प्रबंध लिहून सादर होणे, परीक्षकांचे अहवाल, मौखिकी आणि मग विद्यापीठाने फाइली चढवणे यात काळ जातो, आणि पेटंट किंवा प्रकाशनाच्या कारणाने काही प्रबंध ठरावीक मुदतीपर्यंत मागे ठेवलेले असतात. भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र यांतील गेल्या आठवड्याचे काम हवे असेल तर 1991पासून चालत आलेले 'आर्काइव्ह' (arXiv) हे शोधनिबंधांचे खुले संकेतस्थळ अधिक योग्य, परंतु तिथले निबंध परीक्षणापूर्वीचे असतात आणि मराठी साहित्य वा लोककला तिथे शोधून उपयोग नाही. आपल्याकडे सध्या कोणत्या विषयांवर काम चालू आहे ते पाहायचे असल्यास याच केंद्राच्या 'शोधगंगोत्री'वर नोंदणी झालेल्या संशोधनाचे आराखडे पाहता येतात, आणि विषय निवडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तेथे एक दिवस घालवावा असे मी सुचवीन. शोधगंगेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले आहे. आयोगाच्या 2022च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती काढून टाकली, त्यामुळे काही संशोधकांचे काम लोकांसमोर येण्याचे हे एकमेव ठिकाण ठरेल.

जे यंदा मराठीत प्रबंध सादर करणार आहेत त्यांच्याकडे माझे एक मागणे आहे. ग्रंथालयात फाइल देताना शीर्षक, स्वतःचे आणि मार्गदर्शकाचे नाव आणि पाच-सहा महत्त्वाचे शब्द देवनागरीत, युनिकोडमध्ये, स्वतः टंकून द्यावेत, आणि ते नोंदीत तसेच चढले की नाही हे महिन्याभराने शोधून पाहावे. चूक राहिली असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथपालाकडे अर्ज करावा, आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठपुरावा करावा.